वरची बोली

"कागदावर अजून काहीच झालेलं नाही ना? मग झालं तर," असं म्हणत एजंटने फाइल उघडून काटासाहेबांपुढे सरकवली.

काटासाहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते. काट्यात केसभर खोट निघाली की तराजू जप्त, मग समोर ओळखीचा असो की साहेबांचा मेहुणा. खात्यातल्यांनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं होतं.

घराचा व्यवहार आठवड्यापूर्वीच ठरला होता. गुडघ्यांनी दगा दिलेला, छत गळत होतं, एकट्याने एवढं घर रेटणं होईना. म्हणून ते बहिणीच्या शेजारच्या दोन खोल्यांत जाणार होते. बेकरीत भट्टी सांभाळणारा एक तरुण आणि त्याची नर्स बायको घर पाहून गेले. तिला सातवा महिना लागला होता. मागच्या खोलीत खिडकीपाशी पाळणा बसेल का, ते तिने वितीने मोजून पाहिलं, आणि काटासाहेब तिथल्या तिथे म्हणाले, घर तुमचं.

आता ही दुसरी पार्टी मध्येच उगवली होती. वरची बोली घेऊन.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"नाव सांगायचं नाही, असं बजावलंय मला."

"घर पाहायला कधी आले होते?"

"पाहायची गरज नाही म्हणतात."

काटासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ना नाव, ना गाव, ना घराचा उंबरा पाहिलेला, आणि निघाले बोली लावायला. घर आहे का भंगाराचा ढीग? त्यांनी फाइल मिटून एजंटच्या हातात कोंबली आणि दार उघडून धरलं.

तीन दिवसांनी एजंट पुन्हा हजर. बोली आणखी वाढली होती. काटासाहेबांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

रविवारी धाकटी बहीण आवराआवरीला आली. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना ती जपून म्हणाली, "दादा, चिडू नकोस. पण कोण आहे ते एकदा विचारून तरी बघ. कुणाला खरंच मनापासून हवं असेल."

ते तिच्यावरही भडकले. दिलेला शब्द फिरवायचा, आणि तोही चार पैसे जास्त मिळतात म्हणून? बहीण पुन्हा भांडी गुंडाळू लागली. या घरात शब्दाचा विषय निघाला की सगळेच गप्प होत. सात वर्षांपूर्वी त्यांनी मुलीचं लग्न जुन्या मित्राच्या घरी ठरवलं होतं. मुलीने ऐनवेळी नकार दिला. मित्रापुढे मान खाली घालावी लागली, त्याच दिवशी त्यांनी तिला घराबाहेर काढलं. तेव्हापासून तिचं नावही त्यांच्यापुढे काढायची कुणाची छाती नव्हती.

सोमवारी सकाळी तो भट्टीवाला बायकोला घेऊन दारात उभा राहिला. एजंटने त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं, की घर हातचं गेलं, दुसरं बघा. तिचे पाय सुजले होते, चपलेत मावत नव्हते. नवरा चाचरत म्हणाला, स्कूटर विकून थोडे वाढवता येतील. काटासाहेबांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं. गुरुवारी नोंदणी करून टाकू म्हणाले. स्कूटरला हात लावायचा नाही, असंही बजावलं.

मग काठी घेऊन ते तडक एजंटच्या ऑफिसात गेले.

तिथे दोन गिऱ्हाइकं बसली होती. काटासाहेबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी टेबलावर काठी आपटली आणि एजंटची सगळी अब्रू त्याच्याच खुर्चीसमोर उतरवली. पोटुशी बाईला हेलपाटे घालायला लावतोस, माझ्या शब्दाचा बाजार मांडतोस, तुझ्यापेक्षा खोटं वजन विकणारे परवडले. गिऱ्हाइकं हळूच उठून निघून गेली.

एजंटचा चेहरा उतरला होता. तरी तो उलटून बोलला नाही. त्याने मोबाइलवर एक नंबर लावला आणि हात जोडले. "तुम्ही म्हणाल ते सगळं कबूल. फक्त एक मिनिट बोला यांच्याशी. एकच मिनिट. आता मलाही राहवत नाहीये."

काटासाहेबांनी फोन हिसकावून घेतला.

"कान उघडे ठेवून ऐका," ते कडाडले. "दिलेला शब्द मोडायला लावणाऱ्या माणसाला माझ्या घरात जागा नाही. आज नाही आणि मी मेल्यावरही नाही."

पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

गुरुवारी नोंदणी झाली. नर्सने सही केली, अंगठ्याची शाई साडीला लागू नये म्हणून हात लांब धरला आणि स्वतःशीच हसली. नवरा काटासाहेबांच्या पाया पडला. सगळा राग निवळून काटासाहेबांना कितीतरी वर्षांनी मोकळं, हलकं वाटत होतं.

एजंट साक्षीदाराच्या जागी सही करून बाजूला उभा होता. काटासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जिंकलेल्या माणसाला थोडी दिलदारी परवडते.

"आता तरी सांगा," ते म्हणाले. "कोण होता तो शेठ?"

एजंटने हातातलं पेन खिशाला लावलं.

"शेठ नव्हता कुणी," तो म्हणाला. "त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की 'बाबांना शेवटपर्यंत तिथेच राहू द्या, आणि घर मी घेतलंय हे त्यांना कळू देऊ नका.'"