घोडा येईपर्यंत

"घोड्याच्या रक्ताचा नमुना पुन्हा घ्यावा लागणार," फोन खाली ठेवत इंजिनियर म्हणाला. "पहिला प्रयोगशाळेनं हरवला."

बाईंनी चमचा ताटात आपटला. "हरवला? रक्त आहे की छत्री?"

"मीही तेच विचारलं."

"जरा चढ्या आवाजात विचारायचंस."

"ओरडलो की! ऐकलं नाहीस?"

ओरडला होता खरा, पण स्पॅनिशमध्ये. तरुणपणी काही वर्षं तो तिकडे पूल बांधायला होता, त्यामुळे ती भाषा त्याला पाण्यासारखी यायची. त्याच्या बायकोला त्यातला फक्त सूर कळायचा.

ती घोडेस्वारी शिकवायची. शिकणारे सगळे तिला बाई म्हणायचे. दुसऱ्यांच्या मुलांना दुसऱ्यांच्या घोड्यांवर बसवण्यात बाईंचा जन्म गेला होता. आता स्वतःचा घोडा हवा होता, आणि तोही स्पॅनिशच. त्यासाठी नवरा-बायको तिकडे जाऊन तबेलेच्या तबेले पालथे घालून आले. एक घोडा लंगडा निघाला, एक चावरा, आणि एकाचा तर मालकच चावरा. शेवटी एका टेकडीवर राखी रंगाचा घोडा दिसला. त्यानं बाईंच्या खांद्यावर मान टाकली आणि भलामोठा उसासा सोडला.

"हाच," बाई म्हणाल्या. पुढचं बोलणं इंजिनियरनं केलं.

त्याआधीच दोघांचं एक ठरलं होतं. शहराबाहेर बाईंनी पागा बांधली होती, तिच्यावर राहायला दोन खोल्या. घोडा आला की बाई तिकडे जाणार, कायमच्या. इंजिनियर इथेच राहणार. भांडण असं काही नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं, आणि लेक लग्न होऊन दूर गेल्यापासून त्यांच्यातलं बोलणंच आटलं होतं. घराची खानावळ झाली होती. एकानं जेवून उठावं, मग दुसऱ्यानं बसावं.

"घोड्याचं सगळं मी बघतो," इंजिनियर स्वतःहून म्हणाला होता. "तुला त्यांची भाषा येत नाही."

आणि मग नकटीच्या लग्नासारखी सतराशे विघ्नं सुरू झाली. रक्त पुन्हा तपासलं, तर विमानातली जागा गेली. जागा मिळाली, तर सोबतची घोडी आजारी पडली, आणि घोड्याला म्हणे एकटं विमानात घेत नाहीत. घोडी बरी होईपर्यंत तपासण्या शिळ्या झाल्या. पुन्हा रक्त.

पागेत आणून ठेवलेलं गवत कुबट झालं. बाईंनी ते फेकून नवं भरलं. तेही कुबट झालं.

"आज कुठे पेंड खातंय आपलं घोडं?" संध्याकाळी इंजिनियर दारात दिसला की बाई विचारायच्या. बूट काढता काढता तो नवं विघ्न सांगायला लागायचा. ते उभ्या उभ्या संपायचं नाही, म्हणून दोघं जेवायलाच बसायचे. मग एजंटचा उद्धार व्हायचा, प्रयोगशाळेचा व्हायचा, विमान कंपनीच्या सात पिढ्यांचा व्हायचा.

एकदा इंजिनियरनं तिकडच्या डॉक्टरची नाकातल्या आवाजातली नक्कल केली. बाईंना हसता हसता ठसका लागला. तो पाठीवर थोपटायला लागला, आणि ठसका थांबल्यावरही त्याचा हात क्षणभर तिथेच राहिला.

"हसवू नकोस," बाई फणकारल्या. "तुझं काय जातंय? मी गेले की सुटलास."

"घाई तुला आहे," असं म्हणून तो ताटं उचलायला लागला.

रविवारी लेकीचा फोन आला. "आई, हल्ली तुम्ही दोघं एकदमच कसे फोनवर असता?"

"तुझ्या बाबांना विचार. घोडा आणता येईना यांना."

पुढच्या आठवड्यात विमानाचं इंजिन बिघडलं. ते ऐकून बाई ताडकन उठल्या.

"पुरे झालं! उद्या मीच जाते इथल्या एजंटकडे."

"तो काय करणार? सगळं तिकडे अडलंय."

"निदान मला माझ्या भाषेत ओरडता तरी येईल!"

इंजिनियरनं तिचं ताट तिच्याकडे सरकवलं. "शनिवारपर्यंत थांब. मी येतो बरोबर."

बाई थांबल्या नाहीत. सकाळी तो कामावर गेल्यावर त्या थेट विमानतळाशेजारच्या कचेरीत गेल्या. भिंतीलगत रिकामे पिंजरे रचले होते, एका पिंजऱ्यात मांजर गुरगुरत होतं. त्याच्या केसांनी हैराण झालेला एजंट एकसारखा शिंकत होता. बाईंनी नाव सांगताच त्याचा चेहरा खुलला.

"या, या! झाली का एकदाची पागा तयार?"

"पागा?" बाई म्हणाल्या. "ती तर केव्हाची तयार आहे."

एजंटची शिंक अर्ध्यावरच राहिली. "पण साहेब तर... विमान ठरलं की दर वेळी त्यांचा फोन येतो. पागा अर्धवट आहे, इतक्यात पाठवू नका म्हणून."

"आणि तो हरवलेला रक्ताचा नमुना?"

"हरवला? छे! रक्त पहिल्याच खेपेला पास झालं."

"ती आजारी घोडी?"

"कुठली घोडी?"

बाई खुर्चीत बसल्या. वाटेत जमवलेल्या शिव्या अजून तोंडात तशाच होत्या.

"मॅडम, माझी काही चूक नाही," एजंट घाईघाईनं म्हणाला. "शुक्रवारच्या विमानात जागा आहे. साहेबांना विचारतही नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा, घोड्याला आणतोच."

बाईंनी पिंजऱ्यातल्या मांजराकडे पाहिलं.

"तिकडे कसा आहे तो?" त्यांनी विचारलं.

"मजेत! दिवसभर माळावर मोकळा असतो."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"शुक्रवारी नको," त्या म्हणाल्या. "आणि मी येऊन गेले, हे साहेबांना कळता कामा नये."