सगळ्यात खालचा थर

साहेब, कोठारात पाऊलही न टाकता तुम्ही ते साठ वर्षं रिकामं असल्याचा दाखला दिलात. त्या कागदाच्या भरवशावर ते विकत घ्यायला एका बाईने राहतं घर विकलं.

कोठाराचं घर होणार म्हणून तिला नुसतं उधाण आलं होतं. सकाळपासून ती गवंडीमामांबरोबर भिंतीवरचा चुना खरवडत होती.

"आता शेवटचा थर, मामा."

"सगळ्यात जुना तो. दगड झाला असेल, ताई. जोर लावा."

तिची खरवडायची पत्री लोण्यात शिरावी तशी आत शिरली.

मामांनी चुना चिमटीत चोळून पाहिला. "ओला आहे. आत्ताच लावलाय."

बघता बघता खरवडलेल्या जागेवर पांढरा फटकारा उमटला. शेजारी दुसरा.

"हात मात्र सफाईचा आहे," मामा पुटपुटले.

तिने तुम्हाला फोन लावला. "मला चुना तुम्ही लावलात, साहेब. भिंतीला कोण लावतंय?"