नगरची खेप

“एक घास खा. एकच.”

पुंजारामनं मिसळीची ताटली बायकोपुढं सरकवली. तिला तिखट झोंबायचं म्हणून रस्सा न घेता नुसती मटकी, वर वाटीभर दही. नगरला आलं की रतनबाईचा पहिला मुक्काम माळीवाड्यातल्या याच हॉटेलात. एरवी ती पाव मागून मागून घ्यायची.

“आज चतुर्थी हाय,” रतनबाई म्हणाली.

उद्या सकाळी तिची जीभ काढायची होती. गाठ मुळापर्यंत गेलेली, दुसरा इलाज नव्हता. पुढं खाणं नळीनं आणि बोलणं खुणांनी, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. पुंजारामनं त्यातलं खाणं तेवढं मनाला लावून घेतलं. पहिल्या एसटीनं सोनईहून तिला घेऊन आला, आल्याआल्या दवाखान्यात नाव घातलं आणि संध्याकाळपर्यंतची सुट्टी मागून घेतली. खिडकीतल्या मुलीनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाईनं पदर तोंडाला लावून त्याच्याकडं बोट दाखवलं. जीभ जायची वेळ आली तरी नवऱ्याचं नाव घेणार नाही, अशी ही बाई. मिसळ, चितळे रोडची भेळ, कापडबाजारातली लस्सी, चांदबिबीचा महाल, सगळं त्यानं ठरवून ठेवलं होतं. कॅलेंडर मात्र बघितलं नव्हतं.

“मग उपासाचं खा. भगर खा, लस्सी पी.”

“निरंकार धरलीय, पानीबी न्हाई. गनपतीला बोलले हाय, चंद्र बघूनच तोंडात घास घालीन.”

चंद्र नवाच्या पुढं उगवायचा होता. आणि आठनंतर पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये, असं दवाखान्यानं बजावलं होतं.

“आगं, मग कवा खानार तू?”

रतनबाईनं ताटली त्याच्याकडं सरकवली. त्यालाही घास उतरला नाही.

त्यानं तिला हाताला धरून विशाल गणपतीपुढं नेलं. पुजाऱ्याला सगळं सांगितलं, सांगता सांगता रडला. देवळातल्या बाया बघत होत्या, त्याची त्याला लाज वाटली नाही. पुजारी बिचारा चांगला माणूस. म्हणाला, “खा माय. आजाऱ्याला उपास नसतो. देवाला चालतं.”

“देवाला चालत आसंल,” रतनबाई म्हणाली. “पर म्या शब्द दिलाय.”

पुंजारामनं तिथं हात टेकायला हवे होते. पण तो हट्टाला पेटला होता. चितळे रोडवर भेळ बांधून घेतली, तिला आवडते तशी, चिंचेचं पाणी जास्त घालून. वास तरी घेईल आणि मन पालटेल. कापडबाजारात लस्सीचा गिलास धरून तिच्यापुढं उभा राहिला, साय खाली बसेपर्यंत. येणारी-जाणारी माणसं धक्के देत होती. शेवटी लस्सी दुकानदाराला परत दिली आणि भर बाजारात ओरडला, “मर मंग उपाशी!”

असलं बोलायला नको होतं. रतनबाईनं त्याची टोपी सरळ केली आणि म्हणाली, “चला, म्हाल बघू. दर खेपंला ऱ्हातो.”

रिक्षा घाट चढून महालापर्यंत गेली. पायरीवर बसलं की खाली अख्खं नगर दिसतं. रतनबाई बोलत होती. म्हशीला सुनेच्या हातची सवय लावा, धारेला बसताना तिला माझं लुगडं नेसू द्या. चुलत्याशी बांधावरनं भांडू नका. घरची मिरची औंदा जास्त वाळवा. मधेच हसायची, मधेच जुनं काही काढायची, गाठ दुखली की थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. लग्नानंतर इतकं ती कधी बोलली नसेल. पुंजारामचं लक्ष मांडीवरच्या पुडीकडं होतं. भेळ मऊ पडत चालली होती.

दिवस कलला तशी ती दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी आली. रस्त्यापलीकडं कुल्फीची गाडी उभी होती.

“थांब इथं,” तो म्हणाला.

“आता कशाला? अवो…”

त्यानं ऐकलं नाही. कुल्फी घेऊ, खोलीत बर्फ मागू, आठच्या आत एखादा ढग फाटेल, काहीही होईल. असली वेडी गणितं करत तो ट्रकांच्या मधून पळाला. म्हातारपणी माणूस असा पळताना वाईट दिसतो. गाडीपाशी पोहोचून त्यानं काडी हातात घेतली. इतक्यात मागं पायऱ्यांवर नर्सनं रतनबाईला चाकाच्या खुर्चीत बसवलं, ढकलायला सुरुवात केली.

“पुंजाराम!”

कुणीतरी कुणालातरी हाक मारली. नगर जिल्ह्यात पुंजाराम काय कमी आहेत? त्यानं मान वळवली नाही. त्या आवाजातून त्याला आजवर ‘अवो’ याशिवाय दुसरी हाक आलीच नव्हती.

“अवो पुंजाराम!”

आता कळलं. आवाज जाड झालेला, गाठीवर अडखळणारा, पण सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. कुल्फीवाला हसत म्हणाला, “बाबा, तुमालाच बोलावत्यात वाटतं.”

पुंजारामनं होकारार्थी मान हलवली. कुल्फी वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. तो रस्त्याकडं पाठ करून तसाच उभा राहिला. वळला असता तर तिनं तिसऱ्यांदा हाक मारली नसती.