मेहुण्याने बसवलेला आरसा

शोरूममध्ये नव्या आरशाची किंमत ऐकून दाजींचे डोळे पांढरे झाले. त्यांनी गाडी सरळ मेहुण्याच्या गॅरेजात घातली. घरचा माणूस, तो कशाला फसवेल?

“कंपनीचाच माल आहे, दाजी. काच बघा, क्लिपा बघा. फक्त खोकं नाही, म्हणून स्वस्त,” मेहुणा म्हणाला आणि त्याने ड्रायव्हरच्या बाजूला आरसा बसवून दिला.

दोघं चक्कर मारायला निघाले. भर दुपारचा रस्ता मोकळा होता. आरशात मात्र गाडीमागे कुणीतरी चालत येताना दिसत होतं. दाजींनी मान वळवून पाहिलं. मागे चिटपाखरू नव्हतं.

त्यांनी वेग वाढवला. आरशात जे कुणी होतं ते धावत नव्हतं, सावकाश चालत होतं, आणि तरीही जवळ येत होतं.

“खरं सांग, हा कुठल्या गाडीचा काढलास?”

“नवाकोरा आहे हो.” मेहुणा मांडीवरच्या हातांकडे बघत बसला होता.

“मागे कुणीतरी दिसतंय मला.”

“उन्हानं भास होतो तसा.”

उद्यापासून हीच गाडी त्याची सख्खी बहीण चालवणार होती, पोरांना मागे बसवून. त्याला ते ठाऊक होतं.

तेवढ्यात आरशात, मागच्या दारावर एक हात टेकला.

मेहुण्याने मान वर केलीच नाही. हळूच विचारलं, “दाजी, ती बाई दारापाशी पोचली का?”