झोपलेल्या भावाजवळचं स्वगत

नाटकात राजा झोपलेल्या धाकट्या भावाशेजारी उभा राहून स्वगतात आपलं पाप कबूल करतो. राजाचं काम थोरला करायचा आणि झोपलेल्या भावाचं काम त्याचाच सख्खा धाकटा. त्या दिवशी थोरल्याने लेखकाची वाक्यं सोडूनच दिली.

"तुला मोठ्या नाटक कंपनीचं बोलावणं आलं होतं. ते पत्र मी फाडलं. तू गेलास तर मला कोण विचारणार, या भीतीने."

धाकटा डोळे मिटून तसाच पडून राहिला. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं.

रंगपटात तोंडावरचा रंग पुसताना धाकटा म्हणाला, "पत्राचं मला तेव्हाच कळलं होतं. तू कधीतरी सांगशील म्हणून वीस वर्षं थांबलो."

"सांगितलं की आज."

"प्रेक्षकांना सांगितलंस, दादा."