रिकामी टाकी

"मी हात धुवाया गेलतो, ताई," भिकन पुन्हा तेच म्हणाला. "आलो तर बन्सीदादा टाकीत पडल्याले."

मनकर्णा मुकुंदवाडीतल्या त्याच्या पत्र्याच्या खोलीत बाजेवर बसली होती. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली होती. उद्या तिच्या बापाच्या, बन्सीच्या, मृत्यूची चौकशी होती. कारखान्याचं म्हणणं एका ओळीचं होतं : बन्सी कुणी सांगितलं नसताना, आपल्या मर्जीनं टाकीत उतरला. चौकशीवाल्या साहेबांनी ते मान्य केलं, तर आईच्या हाती भरपाईचं काही पडणार नव्हतं. पण त्याहून जास्त ते वाक्यच मनकर्णाला सलत होतं. तिचा बाप बेपर्वा माणूस नव्हता.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात लोखंडी मालावर पावडर कोटिंगचा पक्का रंग चढत असे. ज्या नगावरचं कोटिंग बिघडे, तो बन्सीकडे येई. बन्सी तो केमिकलच्या टाकीत बुडवी. जरा वेळानं कोटिंगला फोड येत आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं ते सुटून निघे. मग नग धुऊन, पुसून, पुन्हा रंगायला मोकळा. ते केमिकल वासाला गोडसर. त्याची वाफ तळाला दबा धरून बसते आणि धडधाकट माणसाला आडवं करते, हे हाताखालच्या भिकनला बन्सीनंच शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी टाकी रिकामी केली होती. तळाला सालपटांचा गाळ तेवढा उरला होता. रात्रभर पंखा लावून ठेवायचा आणि सकाळी उतरून गाळ काढायचा, हा बन्सीचाच शिरस्ता. तो मोडून बन्सी त्याच संध्याकाळी उतरला होता.

"मालाचा सगळा मेळ लागला," मनकर्णा म्हणाली. "एक नग कमी नव्हता. म्हणजे टाकीत काढण्यासारखं होतं काय? गाळच ना? आणि गाळाची घाई कुणाला होती? तात्यासाहेबांना. मालकानं सांगितल्याशिवाय आप्पा उतरायचे नाहीत."

केमिकलनं भिकनच्या बोटांवर पांढरे चट्टे पडले होते. तो ते चोळत राहिला.

"ह्यांला काय इचारता, ताई?" चुलीपुढून त्याची बायको साळूबाई म्हणाली. "लग्नात नाव घ्या म्हणलं तवा बी ह्यांनी आधी मालकाकडं बघितलं असंल."

"गप बस ना तू."

"का गप बसू? बन्सीभाऊंनी कामाला लावलं. तुम्ही टायफाईडनं पडले तवा रोज डबा आणून दिला. त्यो माणूस मेला, अन् तुम्हाला मालकाचं मीठ आठवतंय व्हय?"

"मालकासाठी नाय गप," भिकन म्हणाला.

"मग कुणासाठी?" मनकर्णानं विचारलं.

त्यानं चट्टे चोळणं थांबवलं. मग म्हणाला, "उद्या काय बोलायचं ते सांगा. तात्यासाहेबांनी उतरायला लावलं, असं म्हणतो. पोरांची आण घेऊन म्हणतो. फक्त आता घरी जा, ताई."

ज्यासाठी ती आली होती ते मिळालं होतं. ती उठलीही. दारापर्यंत गेली आणि तिथून मागे वळली.

"खोटं नको, भिकनभाऊ. उद्या उलटतपासणीत ते फाटलं, तर आप्पांच्या नावाला आणखी काळं लागेल. जे झालं तेच सांगा. मालक चिडला तरी मी तुम्हाला एकटं पडू द्यायची नाही."

"सांगा की," साळूबाईचा आवाज उतरला होता. "बापाचं मरण इचारतीय ती. बाजारभाव नाय इचारत."

भिकननं भिंतीला डोकं टेकलं.

"तात्यासाहेब त्या दिवशी गावातच नव्हते. त्यांना ह्यातलं काय बी ठावं नाय. टाकीत कारखान्याचा माल नव्हता, ताई. बाहेरचा होता. गुपचूप आणल्याला. त्यातला एक नग गाळात गेला. सकाळी गाळ काढताना दुसऱ्या कुणाला घावला असता, तर दादांची नोकरी गेली असती. रिटायर व्हायला आले होते. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या, सकाळी मीच आधी येऊन काढतो. त्यांना धीर निघंना. मला म्हणले, तू बाहेर जाऊन हात धू, तू काय बघितलं नाय."

मनकर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आप्पांना नाही म्हणता येत नसे, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. कुणीही यावं आणि फुकटात काम करून न्यावं.

"कुणाचं काम होतं ते?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "इतके दिवस झाले. आईच्या दारात साधं भेटायलाही आलं नाही ते माणूस! नाव सांगा, भिकनभाऊ. उद्या साहेबांपुढं उभं करते त्याला. माझ्या बापाच्या जिवावर रंग बदलून घेणारं माणूस मला बघायचंय."

भिकननं साळूबाईकडे बघितलं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती.

"शहागंजातल्या दुकानात रंगवायला टाकतो, असं सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला," तो म्हणाला. "तुमच्या झोपाळ्याच्या कड्या होत्या, ताई. पिवळा रंग तुम्हाला पसंत नव्हता."