मागे पडलेला वार

मागे पडलेलं काही दिसलं की घड्याळजींचे हात शिवशिवायचे. मग ते गिऱ्हाईकाचं घड्याळ असो, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरचं न उलटलेलं पान. बायको मात्र विसरभोळी, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी. म्हणून दोन पोरींनंतर पाळणा थांबवायला डॉक्टरीणबाईंनी तिला मुद्दाम वार छापलेलं गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. चार महिने ती जेव्हा जेव्हा पाकीट हातात घ्यायची, तेव्हा ते बरोबर आजच्याच वारावर असायचं. आपण इतक्या शिस्तीच्या कधी झालो, याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

आणि आज तपासणीत दोन रेघा!

"गोळ्या चुकल्या असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"छे हो! हे बघा पाकीट. आज गुरुवार, बुधवारपर्यंतची एकही शिल्लक नाही," तिने छातीठोकपणे सांगितलं आणि ती नवऱ्याकडे वळली. "काय हो, पाकीट कधी मागे पडलं का?"

दवाखान्यातलं घड्याळ चार मिनिटं पुढे करून घड्याळजी स्टुलावरून उतरले.


"पडायचं की, दोन-दोन दिवस! मग मीच मागच्या गोळ्या केरात टाकून त्याला वेळेवर आणायचो."